कंपायलरकडून कमी वीज खाणारी बायनरी काढायची, तेही मशीन लर्निंग वापरून: पहिल्या पायरीपासून

कंपायलर म्हणजे सोर्स कोडची चालणारी फाइल (बायनरी) बनवणारं सॉफ्टवेअर, आणि त्याला जास्त ऑप्टिमायझेशन करायला सांगणारी लेव्हल म्हणजे ओ-थ्री. ओ-थ्री लावलं की प्रोग्रॅम फास्ट पळतो आणि फास्ट पळाला की वीज कमी खातो, असं बहुतेक जण धरून चालतात, आणि बऱ्याच वेळा ते बरोबरही निघतं. पण जिथे ते चुकतं तिथेच खरी बचत लपलेली असते, आणि ती हाताने शोधायला गेलात तर आयुष्य पुरणार नाही इतके फ्लॅग्ज, म्हणजे कंपायलरला द्यायच्या सेटिंग्ज, आहेत, म्हणून मशीन लर्निंग. एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच सांगून ठेवतो, कारण या विषयावरचं बरंच लिखाण थेट न्यूरल नेटवर्कपासून सुरू होतं: या सगळ्या कामात मॉडेल हा सगळ्यात सोपा भाग आहे. अवघड आहे ते ज्यूल, म्हणजे खर्च झालेली ऊर्जा, नीट मोजणं. तुमचा लेबलच, म्हणजे मॉडेलला शिकवायला दिलेला मोजलेला आकडाच, खोटा असेल तर जगातलं कुठलंही मॉडेल तो खोटेपणाच शिकणार. त्यामुळे या लेखात मोजमापावर जास्त वेळ जाईल, तो कंटाळवाणा वाटला तरी गाळू नका.

आधी हिशोब डोक्यात पक्का करा

ऊर्जा म्हणजे पॉवर गुणिले वेळ, बस एवढंच. समजा एक प्रोग्रॅम ओ-टूवर (ओ-थ्रीच्या एक पायरी खालच्या लेव्हलवर) २० वॅट घेतो आणि १० सेकंद चालतो, म्हणजे २०० ज्यूल. आता व्हेक्टरायझेशन, म्हणजे एका इन्स्ट्रक्शनमध्ये बरेच आकडे एकदम हाताळणं, चालू केलं, प्रोसेसरची रुंद युनिट्स कामाला लागली, पॉवर २६ वॅटवर गेली पण वेळ ६ सेकंदांवर आला, म्हणजे १५६ ज्यूल. मस्त, फास्ट पण झालं आणि वीज पण वाचली. आता दुसरा प्रोग्रॅम घ्या, तोही २० वॅट आणि १० सेकंद, पण हा बिचारा सगळा वेळ मेमरीतून डेटा यायची वाट बघतोय. इथे तेच फ्लॅग लावले तर पॉवर २३ वॅट होते आणि वेळ फक्त साडेनऊ सेकंदांवर येतो, म्हणजे २१८.५ ज्यूल. प्रोग्रॅम फास्ट झाला आणि वीज वाढली! हे आकडे समजावण्यापुरते घेतलेत, पण प्रकार अगदी खरा आहे, मेमरी-बाउंड कोडमध्ये हे होतं.

असं का होतं हे कळायला मार्क होरोविट्झ यांनी २०१४ मध्ये मांडलेले ४५ नॅनोमीटर चिपचे आकडे बघा. ३२ बिटची एक इंटिजर बेरीज साधारण ०.१ पिकोज्यूल, ३२ बिटचा फ्लोटिंग पॉइंट गुणाकार ३.७ पिकोज्यूल, आणि बाहेरच्या डीरॅममधून (मुख्य मेमरीतून) एकदा वाचायचं तर १३०० ते २६०० पिकोज्यूल. नव्या चिपवर आकडे बदलतात पण प्रमाणाचा अंदाज तसाच राहतो. म्हणजे गणित करणं स्वस्त, डेटा हलवणं महाग. म्हणून कंपायलर जेव्हा लूपचे तुकडे पाडून डेटा कॅशमध्ये (प्रोसेसरजवळच्या छोट्या, वेगवान मेमरीत) टिकवतो, किंवा रजिस्टर (प्रोसेसरच्या आतल्या मोजक्या जागा) नीट वाटून उगाच मेमरीत ये-जा करत नाही, तेव्हा ऊर्जा खऱ्या अर्थाने वाचते.

कंपायलर काय करू शकत नाही तेही इथेच बोलून घेऊ. तुमचा अल्गोरिदम चुकीचा असेल, दर १० मिलिसेकंदाला उगाच उठून पोलिंग करणारा (काही आलंय का ते बघत राहणारा) थ्रेड असेल, तर फ्लॅग बदलून काही हाती लागणार नाही. आधी ते दुरुस्त करा आणि मग इकडे या.

हा विचार नवा नाही. १९९४ मध्ये तिवारी, मलिक आणि वुल्फ यांनी एकेका इन्स्ट्रक्शनला किती ऊर्जा लागते हे करंट मोजून दाखवलं होतं. नंतर ब्रिस्टल युनिव्हर्सिटी आणि एम्बेकॉझम ही कंपनी यांनी मिळून मॅजीक नावाचा प्रोजेक्ट केला, तो खास ऊर्जेसाठी मशीन लर्निंगवाला कंपायलर बनवायचा म्हणूनच होता, आणि त्याच लोकांनी बीब्स नावाचा छोट्या एम्बेडेड बोर्डांसाठीचा बेंचमार्क संचही (मोजमापासाठीच्या नमुना प्रोग्रॅमचा संच) काढला. त्यांच्या फ्लॅग्जच्या अभ्यासातून दोन गोष्टी पुढे आल्या. वेळ आणि ऊर्जा एकमेकांना बऱ्यापैकी धरून चालतात, आणि सगळ्या प्रोग्रॅमवर, सगळ्या प्लॅटफॉर्मवर चालेल असा एकही फ्लॅग नाही. दुसरी गोष्ट महत्त्वाची, कारण सगळ्यांना चालणारा एक फॉर्म्युला असता तर मॉडेलची गरजच नव्हती.

पायरी १: नक्की काय कमी करायचंय ते लिहून ठेवा

नुसतं "वीज कमी" म्हणून चालत नाही. तीन पर्याय आहेत. एक, फक्त ज्यूल कमी करायचे, वेळ कितीही लागो. दोन, ऊर्जा गुणिले वेळ हा गुणाकार कमी करायचा, त्याला एनर्जी-डिले प्रॉडक्ट म्हणतात, हार्डवेअरवाले हे खूप वापरतात. तीन, वेळेला एक मर्यादा घालायची, म्हणजे ओ-टूपेक्षा ३ टक्क्यांहून जास्त स्लो झालेलं चालणार नाही, आणि त्या मर्यादेत राहून ज्यूल कमी करायचे. मी तिसरा घ्या असं सांगेन, कारण प्रॉडक्शनमध्ये कोणीही स्लो झालेली सर्व्हिस स्वीकारत नाही, आणि मर्यादा आधीच ठरलेली असली की नंतर वाद होत नाहीत.

पायरी २: मोजमापाची व्यवस्था लावा, आणि इथे घाई करू नका

लॅपटॉप किंवा सर्व्हरवर सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे रॅपल, प्रोसेसरमधलाच ऊर्जेचा काउंटर. इंटेलने २०११ च्या सँडी ब्रिजपासून हे दिलं, एएमडीच्या झेन प्रोसेसरवरही तसलीच सोय आहे. लिनक्समध्ये सिस फाइलसिस्टीमच्या आत क्लास, त्याच्या आत पॉवरकॅप, तिथे इंटेल-रॅपल नावाची फोल्डर्स दिसतील, त्यात एक फाइल एकूण खर्च झालेली ऊर्जा मायक्रोज्यूलमध्ये देते. प्रोग्रॅमच्या आधी वाचा, नंतर वाचा, वजाबाकी करा. किंवा पर्फ स्टॅट हे लिनक्सचं मोजमापाचं टूल वापरा, त्यात पॉवरचे इव्हेंट आहेत, फक्त तो अख्ख्या सिस्टीमसाठी चालवायचा ऑप्शन द्यावा लागतो कारण हा काउंटर एका प्रोसेसपुरता मोजतच नाही. आणि हो, २०२० मध्ये प्लॅटिपस नावाचा हल्ला समोर आला, त्यात हाच काउंटर वाचून गुप्त किल्ल्या काढता येतात असं दाखवलं होतं, तेव्हापासून लिनक्समध्ये ही फाइल वाचायला रूट (ॲडमिन) परवानगी लागते. परमिशनची एरर आली तर गोंधळून जाऊ नका.

आता काउंटर उलटण्याची भानगड. हा काउंटर ३२ बिटचा आहे, भरला की परत शून्यापासून सुरू. किती वेळात भरतो ते स्वतः काढून बघा: एक युनिट साधारण ६१ मायक्रोज्यूलचं असेल तर पूर्ण काउंटर म्हणजे २,६२,१४४ ज्यूल, १०० वॅटवर चालणारं मशीन तो सुमारे ४४ मिनिटांत भरेल. युनिट १५.३ मायक्रोज्यूलचं असेल तर ६५,५३६ ज्यूल, म्हणजे ११ मिनिटांतच खेळ खल्लास. त्यामुळे लांब चालणाऱ्या प्रोग्रॅमसाठी एक छोटा सॅम्पलर बाजूला ठेवा जो दर काही सेकंदांनी वाचत राहील, आणि नवा आकडा जुन्यापेक्षा लहान आला तर कमाल रेंज मिळवून घेईल. ती कमाल रेंज त्याच फोल्डरमधल्या दुसऱ्या फाइलमध्ये दिलेली असते.

दुसरं टोक म्हणजे फार छोटे प्रोग्रॅम. काउंटर साधारण एका मिलिसेकंदाला एकदा अपडेट होतो, त्यामुळे ५ मिलिसेकंदांचं काम मोजायला गेलात तर हातात निव्वळ कचरा येईल. काम लूपमध्ये घालून निदान काही सेकंद चालेल असं करा.

मग मशीन शांत करा. इतर सर्व्हिसेस बंद, प्रोग्रॅम ठराविक कोअरवर पिन केलेला, फ्रीक्वेन्सी गव्हर्नर (प्रोसेसरचा वेग ठरवणारी सेटिंग) ठराविक, टर्बो (आपोआप वेग वाढवणं) बंद. चिप गरम झाली की लीकेज (नुसतीच गळून जाणारी वीज) वाढतं, म्हणजे तोच प्रोग्रॅम थंड मशीनवर आणि तापलेल्या मशीनवर वेगळे ज्यूल दाखवतो, म्हणून आधी थोडा वेळ वॉर्म-अप द्या. आणि सगळ्यात महत्त्वाचं, कॉन्फिगरेशन अ चे सगळे रन आधी आणि ब चे सगळे नंतर असं कधीच करू नका, सगळे रन शफल करून मिसळून चालवा, नाहीतर दुपारी खोली तापली म्हणून ब वाईट ठरेल.

टर्बो बंद ठेवून मोजण्यात एक गोची आहे ती पण समजून घ्या. काही इंटेल सर्व्हर प्रोसेसरवर, विशेषतः स्कायलेकच्या पिढीत, जड ५१२ बिटच्या व्हेक्टर इन्स्ट्रक्शन आल्या की फ्रीक्वेन्सी खाली येते आणि त्याचा फटका बाजूच्या साध्या कोडलाही बसतो. हे फिक्स फ्रीक्वेन्सीवर नीट दिसणारच नाही. म्हणून तुलना शांत मशीनवर करा, पण जिंकलेली दोनचार कॉन्फिगरेशन्स शेवटी प्रॉडक्शनसारख्या सेटिंगवर परत मोजा.

आयडल पॉवर (मशीन रिकामं असतानाही लागणारी) वजा करायची की नाही, हा प्रश्न सगळ्यांना पडतो. काम संपल्यावर मशीन झोपणार असेल तर वजा करू नका, कारण लवकर संपवण्याचा फायदा खरा आहे. मशीन चोवीस तास चालूच राहणार असेल तर वजा करून बघा, कारण आयडलचा खर्च तसाही होणारच आहे. दोन्ही आकडे साठवून ठेवा, जागा काही लागत नाही.

छोट्या मायक्रोकंट्रोलरवर रॅपल नसतो. तिथे सप्लायच्या वायरमध्ये शंट रेझिस्टर किंवा आयएनए-२१९ सारखी करंट मोजणारी चिप लावा, आणि मोजायचा भाग सुरू झाला की एक पिन वर, संपला की खाली, म्हणजे नक्की कुठून कुठे मोजायचं ते कळतं. ३.३ व्होल्ट, १२ मिलिअँपिअर, अर्धा सेकंद म्हणजे १९.८ मिलिज्यूल, गणित इतकं साधं आहे. क्लाउडमधल्या व्हर्च्युअल मशीनवर बहुतेक वेळा हे काउंटर दिसतच नाहीत, त्यामुळे हे काम प्रत्यक्ष हातात असलेल्या मशीनवरच करायचं.

शेवटी नॉइज किती आहे ते शोधा. एकच बायनरी, एकच इनपुट, ३० वेळा चालवा आणि आकडे किती पसरतात ते बघा. पसारा २ टक्क्यांचा असेल तर दोनचार रनवरून "१ टक्का वाचला" असं म्हणायचा तुम्हाला अधिकार नाही. २००९ मध्ये मायटकोविच आणि सहकाऱ्यांनी दाखवलं होतं की नुसत्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्सचा आकार किंवा ऑब्जेक्ट फाइल्स लिंक करायचा क्रम बदलला तरी वेळ इतका बदलतो की ओ-थ्री चांगलं की वाईट हा निष्कर्षच उलटतो. म्हणून लिंकचा क्रम आणि एन्व्हायर्नमेंट पण अधूनमधून बदलून मोजा.

पायरी ३: प्रोग्रॅम गोळा करा आणि उत्तर बरोबर येतंय का ते तपासा

ट्रेनिंगसाठी वेगवेगळ्या स्वभावाचे प्रोग्रॅम हवेत. पॉलिबेंच घेतला तर सगळे मॅट्रिक्सवाले लूप मिळतील, त्यावरच शिकलेलं मॉडेल तुमच्या जेसन पार्सरपुढे आंधळं असेल. सीबेंच, मायबेंच, एम्बेडेडसाठी बीब्स किंवा एम्बेंच असे थोडे थोडे घ्या, आणि त्यात तुमच्या खऱ्या कोडबेसमधले हॉट फंक्शन नक्की घाला.

प्रत्येक रननंतर आउटपुटचा हॅश (डेटावरून काढलेला ओळखीचा छोटा आकडा) तपासा. फास्ट-मॅथसारखे फ्लॅग फ्लोटिंग पॉइंटचे नियम मोडतात आणि उत्तर बदलू शकतं, चुकीचं उत्तर कमी विजेत काढण्यात काही अर्थ नाही. असे फ्लॅग शोधातून आधीच बाहेर ठेवा, किंवा किती फरक चालेल ते आधी लिहून ठेवा.

पायरी ४: मॉडेल न लावता आधी रँडम शोध घ्या

हे वाचून निराश होऊ नका, रँडम शोध हाच तुमचा ट्रेनिंग डेटा आहे. जीसीसी या कंपायलरला "ऑप्टिमायझर्सची हेल्प दे" असं विचारलं की तुमच्या व्हर्जनमध्ये कुठले फ्लॅग आहेत आणि त्या लेव्हलवर कुठले चालू आहेत याची यादी मिळते. समजा त्यातले १०० ऑन-ऑफवाले घेतले तर २ चा १०० वा घात, म्हणजे १ वर ३० शून्यांपेक्षा जास्त कॉम्बिनेशन, सगळी बघणं अशक्य. म्हणून सुरुवातीला प्रत्येक फ्लॅग टॉस करून ऑन किंवा ऑफ, अशी २०० ते ३०० कॉन्फिगरेशन प्रत्येक प्रोग्रॅमला. फ्लॅग्जचा एकमेकांवरचा परिणाम नीट बघायचा असेल तर फ्रॅक्शनल फॅक्टोरियल डिझाइन (सगळ्यांऐवजी नीट निवडलेली थोडीच कॉम्बिनेशन तपासणं) वापरा, मॅजीकच्या लोकांनी तेच केलं होतं.

इथे एक खड्डा आहे. सुरुवातीला ओ-वन, ओ-टू असं काहीतरी द्यायलाच लागतं, नाहीतर जीसीसी ओ-झिरो धरतो आणि मग तुम्ही वेगळे दिलेले बहुतेक ऑप्टिमायझेशन फ्लॅग दुर्लक्षित होतात, एरर पण येत नाही. आणि ओ-थ्री म्हणजे फक्त ओ-टू अधिक काही फ्लॅग नाहीत, आतले काही निर्णय लेव्हल बघूनच घेतले जातात, त्यामुळे लेव्हल हा पण शोधातला एक नॉब धरा. व्हर्जनही लिहून ठेवा, कारण जीसीसी १२ पासून ओ-टूवरही व्हेक्टरायझेशन चालू झालं, म्हणजे "ओ-टूपेक्षा इतकं वाचलं" या वाक्याचा अर्थच व्हर्जनप्रमाणे बदलतो.

आता एक युक्ती जी प्रचंड वेळ वाचवते. प्रत्येक बिल्डनंतर बायनरीच्या कोड सेक्शनचा हॅश काढा. कितीतरी फ्लॅग कॉम्बिनेशन शेवटी अगदी तीच बायनरी देतात, त्या परत मोजायची गरज नाही, आधीचाच आकडा वापरा. आणि मुद्दाम काही वेळा परत मोजलंत तर दोन आकड्यांमधला फरक म्हणजे शुद्ध नॉइज, फुकटात नॉइज चेक मिळाला.

डेटा साठवताना एका रनला एक ओळ: प्रोग्रॅम, इनपुट, फ्लॅग्ज, कंपायलरचं व्हर्जन, बायनरीचा हॅश, ज्यूल, सेकंद, तापमान, आउटपुट बरोबर की चूक. सरासरी करून साठवू नका, कच्चा डेटाच ठेवा, सरासरी नंतर कधीही काढता येते.

शोध जरा हुशारीने करायचा असेल तर एमआयटीमधून २०१४ मध्ये आलेला ओपनट्यूनर आहे, तो एकाच वेळी बऱ्याच शोधपद्धती चालवतो आणि जी चालतेय तिला जास्त संधी देतो. एलएलव्हीएम या दुसऱ्या कंपायलरवर पास (ऑप्टिमायझेशनचे टप्पे) कुठल्या क्रमाने लावायचे यात हात घालायचा असेल तर फेसबुकच्या रिसर्च टीमचं कंपायलरजिम बघा, त्यात एलएलव्हीएमचे १२४ पास ॲक्शन म्हणून मिळतात.

पायरी ५: प्रोग्रॅमचं वर्णन आकड्यांत करा

मॉडेलला सोर्स कोड कळत नाही, त्याला फीचर्स द्यावे लागतात. दोन प्रकार. पहिला स्टॅटिक, म्हणजे न चालवता मिळणारे: किती बेसिक ब्लॉक (मध्ये फाटा नसलेले कोडचे तुकडे), किती ब्रांच, किती लोड-स्टोअर, किती कॉल, लूप किती खोल. माइलपोस्ट जीसीसी या २००९ च्या सुमाराच्या प्रोजेक्टने असे ५६ फीचर काढले होते, आणि एलएलव्हीएमसाठीच्या ऑटोफेजमध्ये पण योगायोगाने ५६ च आहेत. दुसरा डायनॅमिक, म्हणजे ओ-वनवर एकदा चालवून पर्फचे काउंटर घ्यायचे: सायकल, इन्स्ट्रक्शन, शेवटच्या कॅशचे मिस, ब्रांच मिस. हे आकडे तसेच वापरू नका, दर हजार इन्स्ट्रक्शनमागे किती असं प्रमाण काढा, नाहीतर मॉडेल फक्त "हा प्रोग्रॅम मोठा आहे" एवढंच शिकेल.

ऊर्जेसाठी डायनॅमिक फीचर्स जास्त कामाचे, यात मला शंका नाही. वर बघितलेल्या दोन प्रोग्रॅममधला फरक, एक गणितात अडकलेला आणि एक मेमरीत अडकलेला, तो सोर्स कोडवरून ओळखणं कठीण कारण तो इनपुटच्या आकारावर अवलंबून असतो, पण कॅश मिसचा एक आकडा तो लगेच सांगून टाकतो. स्टॅटिकचा फायदा एवढाच की प्रोग्रॅम चालवावा लागत नाही.

पायरी ६: मॉडेल साधं ठेवा

मॉडेलने ज्यूल ओळखावेत अशी अपेक्षा ठेवू नका. एका प्रोग्रॅमला २ ज्यूल लागतात आणि दुसऱ्याला ९००, मॉडेल त्या फरकातच दमून जाईल. त्याऐवजी त्याच प्रोग्रॅमच्या ओ-टूच्या ज्यूलशी गुणोत्तर घ्या आणि त्याचा लॉग काढा. शून्य म्हणजे ओ-टूइतकंच, उणे म्हणजे बचत. तुम्हाला तसंही कुठलं कॉन्फिगरेशन वर आणि कुठलं खाली एवढा क्रमच हवाय.

पहिलं मॉडेल निअरेस्ट नेबर. नव्या प्रोग्रॅमचे फीचर घ्या, डेटामधले सगळ्यात जवळचे तीन प्रोग्रॅम शोधा, त्यांची टॉपची कॉन्फिगरेशन उचला आणि नव्यावर लावून बघा. एका दुपारचं काम आहे आणि हे ओलांडणं वाटतं तितकं सोपं नाही. दुसरं रँडम फॉरेस्ट किंवा ग्रेडियंट बूस्टिंग (दोन्ही बरेच डिसिजन ट्री एकत्र करतात), इनपुट म्हणजे प्रोग्रॅमचे फीचर अधिक फ्लॅग्ज, आउटपुट म्हणजे ते लॉग गुणोत्तर. मग नव्या प्रोग्रॅमसाठी दहाएक हजार रँडम कॉन्फिगरेशन मॉडेलला दाखवायची, त्याला आवडलेली वरची २० घ्यायची आणि ती २० खरोखर मोजायची. हा मोजायचा टप्पा सोडू नका, मॉडेल फक्त शोध आखूड करतं, निकाल मीटरच देणार. मोजून आलेले आकडे परत डेटात घालून मॉडेल पुन्हा ट्रेन केलं की तेच साधं बेझियन ऑप्टिमायझेशनसारखं चक्र होतं.

वेळेची मर्यादा घातली होती ना, तर वेळेसाठी असंच दुसरं मॉडेल ट्रेन करा आणि जे कॉन्फिगरेशन मर्यादेबाहेर जाईल असं वाटतं ते आधीच गाळा.

डीप लर्निंग कधी? हजारो प्रोग्रॅम असतील तेव्हा. ६० प्रोग्रॅमवर न्यूरल नेट लावलं तर ते पाठांतर करेल.

पायरी ७: मॉडेल खरंच शिकलंय का

सगळ्यात जास्त फसवणूक इथे होते, आणि ती नकळत होते. सगळ्या ओळी शफल करून ८०-२० भाग केले तर एकाच प्रोग्रॅमच्या काही ओळी ट्रेनिंगमध्ये आणि काही टेस्टमध्ये जातात, स्कोअर झकास येतो आणि नव्या प्रोग्रॅमवर मॉडेल आपटतं. भाग नेहमी प्रोग्रॅमप्रमाणे करा: एक प्रोग्रॅम पूर्ण बाहेर ठेवायचा, बाकीच्यांवर ट्रेन करायचं, बाहेरच्यावर तपासायचं, असं प्रत्येकासाठी. एकाच बेंचमार्कची दोन जुळी भावंडं असतील, म्हणजे तोच एन्कोडर आणि त्याचाच डिकोडर, तर ती एकत्रच बाहेर ठेवा.

तुलना कोणाशी करायची? ओ-टूशी आणि ओ-थ्रीशी तर आहेच, पण खरा प्रतिस्पर्धी वेगळा: सगळ्या ट्रेनिंग प्रोग्रॅमवर सरासरीत सगळ्यात चांगलं ठरलेलं एकच कॉन्फिगरेशन, ते डोळे झाकून सगळ्यांना लावायचं. तुमचं मॉडेल याला हरवत नसेल तर मॉडेल बाजूला ठेवा आणि ते एक कॉन्फिगरेशन वापरा, तोही चांगला निकाल आहे. वरच्या बाजूला मोठ्या शोधात सापडलेलं प्रत्येक प्रोग्रॅमचं सर्वोत्तम ठेवा, आणि या दोघांमधलं किती अंतर मॉडेल कापतंय ते सांगा. ट्रेनिंगच्या वेळी वापरलेलं इनपुट टेस्टला वापरू नका, छोट्या इनपुटवर कॅशमध्ये मावणारा प्रोग्रॅम मोठ्यावर पूर्ण वेगळा वागतो.

पायरी ८: जिंकलेलं कॉन्फिगरेशन सोलून काढा

शोधातून आलेल्या विजेत्यात ४०-५० फ्लॅग असतील आणि त्यातले बरेच नुसते प्रवासी. एकेक फ्लॅग काढा, बायनरीचा हॅश बदलला नाही तर तो निरुपयोगी, टाकून द्या. हॅश बदलला पण ज्यूल नॉइजच्या आतच राहिले, तरी टाकून द्या. शेवटी हातात पाचसहा फ्लॅग उरले तर ते बिल्ड फाइलमध्ये लिहिताना प्रत्येकापुढे कारण लिहिता येतं, आणि सहा महिन्यांनी दुसरं कोणी बघेल तेव्हा त्याला कळेल. अख्ख्या प्रोजेक्टला एकच कॉन्फिगरेशन लावायची सक्ती नाही, हॉट फाइल्सना वेगळे फ्लॅग आणि बाकी सगळ्यांना ओ-टू किंवा साइज कमी करणारी लेव्हल, हे मला जास्त पटतं.

प्रोफाइल-गायडेड ऑप्टिमायझेशन आधीच वापरत नसाल तर ते आधी चालू करा आणि तुलनेची पायाभूत रेषा तीच धरा. त्यात कंपायलरला खऱ्या रनची माहिती मिळते आणि मेहनत कमी लागते.

कंपायलरच्या पोटात मॉडेल बसवायचं असेल तर

आत्तापर्यंत आपण कंपायलरला बाहेरून फ्लॅग देत होतो. त्यापुढचा प्रकार म्हणजे इनलाइन करू की नको (कॉलच्या जागी फंक्शनचा कोडच टाकू का), कुठलं रजिस्टर रिकामं करू, हे निर्णय कंपायलरच्या आतलं मॉडेल घेतं. गूगलच्या टीमने २०२१ मध्ये एमएलजीओ मांडलं, ते एलएलव्हीएममध्ये आहे. इनलायनिंगच्या मॉडेलने साइज कमी करणाऱ्या ओ-झेडपेक्षाही कोडचा आकार ७ टक्क्यांपर्यंत कमी झाला, आणि रजिस्टर वाटपाच्या मॉडेलने मोठ्या डेटासेंटर ॲप्समध्ये सेकंदाला हाताळल्या जाणाऱ्या क्वेरी दीड टक्क्यापर्यंत वाढल्या. २०२४ मध्ये मेटाने ७०० कोटी आणि १३०० कोटी पॅरामीटरची एलएलएम कंपायलर नावाची मॉडेल्स काढली, त्यांचाही भर कोडच्या आकारावर.

आकारावरच सगळ्यांचा भर का? कारण आकार लगेच कळतो, त्यात नॉइज शून्य, आणि प्रोग्रॅम चालवावा लागत नाही. ऊर्जेचा रिवॉर्ड (मॉडेलला चांगलं-वाईट कळावं म्हणून दिलेला आकडा) उलट आहे: मोजायला सेकंद लागतात, दर वेळी थोडा हलतो, आणि एका कंपाइलमध्ये हजारो इनलाइन निर्णय घेतल्यावर शेवटी एकच आकडा मिळतो, त्यातून कुठल्या निर्णयाने किती वाचलं हे ओळखायचं. म्हणून सुरुवातीला इकडे जाऊ नका. जायचंच असेल तर आधी तुमच्या मशीनवर पर्फच्या काउंटरवरून ज्यूलचा अंदाज देणारं एक छोटं लीनियर मॉडेल बनवा, रिवॉर्डसाठी तो अंदाज वापरा आणि खरं मीटर ठराविक अंतराने तपासणीला ठेवा.

शोधालाच किती वीज लागली?

हा हिशोब केल्याशिवाय काम पूर्ण झालं असं मी मानत नाही. समजा ३०० कॉन्फिगरेशन, प्रत्येकी ५ रन, एका रनला १५० ज्यूल, म्हणजे २,२५,००० ज्यूल. त्यात ३०० बिल्ड, प्रत्येकी ४० सेकंद, ५० वॅट, म्हणजे आणखी ६,००,०००. एकूण ८,२५,००० ज्यूल. एका रनमागे १० ज्यूल वाचत असतील तर खर्च भरून निघायला ८२,५०० रन लागतील. हाच प्रोग्रॅम १०० मशीनवर दर मिनिटाला चालत असेल तर दिवसाला १,४४,००० रन होतात, म्हणजे एका दिवसाच्या आतच वसूल. आणि एकाच मशीनवर रोज रात्री एकदा चालणारा जॉब असेल तर २२६ वर्षं. त्यामुळे कुठल्या प्रोग्रॅमवर ही मेहनत घ्यायची हे पायरी १ च्या आधीच अशा अंदाजाने ठरवा, आणि दुसऱ्या प्रकारच्या प्रोग्रॅमला सरासरीत जिंकलेलं ते एक कॉन्फिगरेशन देऊन मोकळे व्हा.

कंपायलरचं व्हर्जन बदललं, प्रोसेसरची पिढी बदलली किंवा कोडमध्ये मोठा रिफॅक्टर झाला की जुने निकाल शिळे होतात. दर वेळी शून्यापासून शोध घ्यायची गरज नाही. आधीच्या शोधातली वरची २० कॉन्फिगरेशन फाइलमध्ये राखून ठेवा, नव्या व्हर्जनवर फक्त ती आणि साधी ओ-टू, ओ-थ्री एवढीच मोजा. जुना विजेता अजूनही वरच्या दोनतीनात असेल तर तसंच चालू द्या, खाली घसरला असेल तरच नवा शोध सुरू करा, आणि तेव्हा जुना डेटा फेकून न देता व्हर्जन हा एक फीचर म्हणून त्यातच घाला.